हंबीररावाचं नाव यादीत नाही

कोल्हापूर,
शनिवार, ७ मार्च २००९

प्रिय सयाजी,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असशील. अकरावीला तुझ्या वहीतून भौतिकशास्त्र उतरवून घेतलं, त्यानंतर मी सलग दोन पानं कधी लिहिलेली नाहीत. दुकानात लिहितो ते पोत्यावर, खडूनं, आणि तेही ‘सरकी’ आणि ‘पेंड’ हे दोनच शब्द. शांभवीनं कागद आणून दिले आणि वर विचारलं, एवढं कुणाला लिहिताय? तुझं नाव सांगितल्यावर म्हणाली, मग फोन आहे की घरात. फोन आहे, पण फोनवर तू मध्येच काहीतरी चांगलं बोलतोस आणि मी गप्प बसतो, असं गेल्या दोन वर्षांत फार वेळा झालं. कागद मध्ये बोलत नाही. तू पाडव्याला साखरपुड्यासाठी येतोयस, त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. काय सांगायचंय ते सांगायला मला जरा वेळ लागेल. तू मला ओळखतोस, रंकाळ्याला निघालो तरी मी आधी महाद्वारातून एक चक्कर मारून जातो.

परवाच्या तुझ्या फोननं आमच्या घरात सण झाला. अव्वा त्या वेळी देवासमोर बसली होती. तुझं नाव ऐकून ती पूजेतून उठली नाही, पण कान माझ्याकडेच होते, कारण फोन ठेवल्याबरोबर तिनं मुलगी कुठली, नाव काय, स्वयंपाक येतो का, असे तीन प्रश्न एका दमात विचारले. मुरगूडची प्रीती, शाळेत शिकवते, आणि स्वयंपाकाचं सयाजी बघेल, असं मी सांगितलं. तू दहा मिनिटं बोललास. दोन ठिकाणी अडलास, थांबलास, आणि पुढं बोललास, फोन ठेवून दिला नाहीस. दोन वर्षांपूर्वी तू पहिल्याच शब्दाला अडलास की फोन बंद व्हायचा आणि मी नुसता रिसीव्हर धरून उभा राहायचो. म्हणून ती दहा मिनिटं मला किती गोड लागली हे तुला सांगता येत नाही. तू म्हणालास, साखरपुड्यात आपल्या बाजूची ओळख माझा कुणी काका करून देणार नाही, माईक हातात घेऊन मीच करणार, स्वतःच्या नावापासून सुरुवात करणार, तू फक्त शेजारी उभा राहा. मग तू यादी वाचून दाखवलीस. एकवीस नावं. हंबीररावाचं नाव त्यात नव्हतं. मी का ते विचारलं नाही.

गंगावेशीतला आपला कट्टा आहे तसाच आहे. संध्याकाळ झाली की म्हशी येऊन उभ्या राहतात, हंबीरराव समोरच्या समोर ग्लासात धार काढतो, आणि गिऱ्हाइकं मिशीला फेस लावून उभी असतात. त्याची मिशी पिकायला लागलीय, वय आपल्याएवढंच असून. दहावीला आपण पास होऊन पुढं गेलो आणि तो दोनदा तिथंच बसला, पण कट्ट्यावर कधी मागं पडला नाही. आपली ती रीत तुला आठवत असेलच. एखाद्याची टर उडवायची ती पार उडवायची, त्याचं नाक, त्याचा बाप, त्याची सायकल, काही सोडायचं नाही. पण ज्याची टर उडाली त्याला धारेचा पहिला ग्लास, आणि तो उडवणाऱ्यानं स्वतःच्या हातानं नेऊन द्यायचा. बाहेरचा कुणी ऐकेल तर त्याला वाटेल ही माणसं आता एकमेकांची डोकी फोडतील. तुझ्या अडणाऱ्या जिभेची तर मी रोज टर उडवायचो. तू ‘म-म-मला’ म्हणालास की मी ओरडायचो, “आरं ढकला रं गाडी, इंजन गार पडलंय!” आणि सगळ्यात मोठ्यानं तूच हसायचास. पण पहाटे तू पंचगंगेच्या घाटावर जाऊन मोठमोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचास, तेव्हा पायरीवर कोण बसलेलं असायचं? मी आणि हंबीरराव. तू बाजारभाव वाचायचास, हवामान वाचायचास, निधनवार्तासुद्धा खणखणीत आवाजात वाचायचास. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तू वर्गात उभं राहून पाच मिनिटं बोललास, कुठंही न अडता. त्या दिवशी पहिला ग्लास हंबीररावानं दिला, टर न उडवता.

मग तू पुण्याला गेलास आणि सगळेच कुठं कुठं गेले. मी दुकानात बसलो. मला दुकान आवडतं, सरकीचा वास आवडतो, गवळ्यांची भांडणं आवडतात. आज हे सरळ लिहू शकतो, तेव्हा लिहू शकलो नसतो. मिरजकर तिकटीला केरबानं सायबर कॅफे काढला आणि त्यानंच मला ऑर्कुटवर बसवलं. पहिले काही आठवडे जत्रेत फिरल्यासारखं वाटलं. शाळेतली पोरं भेटली, तू भेटलास, हंबीररावाचंही खातं मीच काढून दिलं, तो एका बोटानं ‘राम राम’ लिहायचा आणि निघून जायचा. पण पुढं पुढं मी लोकांशी बोलायचं सोडून त्यांचे फोटो बघायला लागलो. हा बंगलोरला काचेच्या इमारतीसमोर उभा, तो अमेरिकेत बर्फात, तू कंपनीच्या सहलीत समुद्रावर. आणि माझा फोटो काय, तर मागं पेंडीची थप्पी. मी तो काढून टाकला आणि त्या जागी वाघाचा लावला. घरी येऊन जेवताना मला भाकरी कडक लागायची. शांभवी तेव्हा नवी नवरी होती, तिला वाटायचं तिचंच काहीतरी चुकतंय. चुकत माझं होतं. दिवसभरात पन्नास जणांचं सुख बघून घरी आलेल्या माणसाला स्वतःच्या ताटात काही दिसत नाही.

तिथं माझ्याकडं एकच गोष्ट होती, टर. आपल्या कट्ट्याच्या नावाची कम्युनिटी मी काढली, तिथं चार ओळी खरडल्या की लोक हसायचे, पुण्याहून, दुबईहून, कुठून कुठून. कुणीतरी लिहिलं, सोम्या म्हणजे कोल्हापूरची शान. ते वाचून मी दुकानात परत आलो तो चालत नाही, तरंगत आलो. मग दिवसातून एकदा जाणारा मी तीनदा जायला लागलो. गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि माझ्या डोक्यात एकच, आता कुणी काय लिहिलं असेल. कुणी काही लिहिलेलं नसलं की दिवस सुतकासारखा जायचा, अव्वावर उगाच खेकसायचो. ती म्हणायची, “माझ्या लेकाला कुणाची तरी नजर लागल्या.” तिनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्या केरबाच्या कॉम्प्युटरवरून ओवाळायला हव्या होत्या.

२००७ च्या फेब्रुवारीत तू तो फोटो लावलास. कोट घातलेला, हातात माईक, मागं पडद्यावर कसलातरी आलेख. खाली तू लिहिलं होतंस की कंपनीच्या शंभर माणसांसमोर पहिल्यांदा बोललो. मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो. घाटावरचा तू आठवलास, अभिमान वाटला, आणि त्याच वेळी हेवाही वाटला. दोन्ही खरं आहे. मग मी लिहिलं, “माईक सुरू झाला का रं? का अजून ढकलतोयस?” नेहमीचंच. कट्ट्यावर हेच बोललो असतो. पण माझ्यामागून चाळीस जण आले. त्यांतल्या निम्म्यांनी तुला कधी बघितलंही नव्हतं. आणि ते सगळं तुझ्या स्क्रॅपबुकात, जगाला दिसेल असं, तुझ्या कंपनीतल्या मराठी पोरांना वाचता येईल असं. तुझ्याशी समोरासमोर असतो तर तुझा चेहरा उतरलेला मला दिसला असता आणि मी ग्लास घेऊन आलो असतो. तिथं मला फक्त हसणारे दिसत होते. पुढच्या आठवड्यात तुझ्या ऑफिसातल्या एकानं भर मीटिंगमध्ये तुला ‘गाडी’ म्हटलं, हे तू मला नंतर सांगितलंस.

आणि मग ती ओळ आली. मिरचीचं चित्र लावलेलं खातं, खरं नाव नाही, काही नाही. “ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही त्याच्या हातात माईक कुणी दिला? राधानगरीच्या मंडळींना विचारा.” त्याच्या आदल्या वर्षी तू राधानगरीकडं मुलगी बघायला गेला होतास. मुलीच्या वडिलांनी नाव विचारलं, तुझी जीभ अडली ती सुटेचना, आणि शेवटी त्या गृहस्थांनी हातातल्या कागदावरून तुझं नाव मोठ्यानं वाचलं. हे तू परत येऊन दोघांनाच सांगितलं होतंस, मला आणि हंबीररावाला. सांगताना हसला होतास. ती ओळ आल्यावर तू खातं बंद केलंस. मीटिंगमध्ये तोंड उघडायचं बंद केलंस. जूनमध्ये नोकरी सोडलीस.

मी तुला रोज फोन करायचो. तू घेतलास की आधी नुसता श्वास ऐकू यायचा. एकदा तू फार वेळ लावून, एकेक शब्द ओढून काढत म्हणालास, आपल्यातल्या दोघांनाच माहीत होतं, आणि तू तर मला रोज फोन करतोस, म्हणजे हंब्याच. मी काही बोललो नाही. तू त्याला फोन करून नको नको ते बोललास, आणि त्या दिवशी म्हणे तू एकदाही अडला नाहीस. श्रावणात मी पेठ वडगावला तुमच्या नव्या घरी गेलो. तू वरच्या खोलीत होतास, खाली आला नाहीस. शालूमावशीनं चहा ठेवला आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, “दार लावून बसतोय रं. काय करू खायाला म्हटलं तर चिठ्ठीवर लिवून देतोय. पोटच्या पोराशी मी चिठ्ठ्यांवर बोलत्या.” तिनं ती चिठ्ठी मला दाखवली. त्यावर ‘वरण-भात’ लिहिलं होतं. मी चहा तसाच ठेवून उठलो. तुला पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडं न्यायचं ठरलं तेव्हा भावकीत कुजबुज झाली, पोरगं वेडं झालं की काय. मावशीनं कुणाचं ऐकलं नाही. त्या माउलीचे पाय धरावेत असं मला वाटतं.

हंबीरराव तुझा फोन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात आला होता. सरकीच्या पोत्यावर बसला. म्हणाला, “सयानं मला शिव्या घातल्या काल. लई घातल्या.” मी विचारलं, मग तू काय म्हणालास? “काय म्हणायचं? मी न्हाय केलं म्हटलं असतं तर त्यो म्हणला असता, मग कुणी केलं. घालू दे की. कुणाला तरी घालाय पायजेच त्येला.” मग त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. म्हशीच्या पायाला जखम झालेली असली की तो जसा वाकून बघतो तसं बघितलं. दोन पोती सरकी खांद्यावर टाकून घेऊन गेला, आणि संध्याकाळी मी कट्ट्यावर गेलो तर रोजच्यासारखा ग्लास माझ्या हातात दिला.

त्या दिवसापासून मी केरबाकडं गेलो नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आणखी आठ-दहा वेळा गेलो. बसायचो, उघडायचो, माझीच जुनी वाक्यं वाचायचो, आणि त्यांत हसण्यासारखं काय होतं तेच कळायचं नाही. गणपतीत एकदा जाऊन खाती, कम्युनिटी, सगळं पुसून टाकलं. पंधरा दिवस हाताला चैन नव्हतं. दुपारी ती वेळ झाली की पाय आपोआप चपलेत जायचे. अव्वानं मला तेव्हा पेंडीची पोती मोजून परत मोजायला लावली, तिला काय कळलं होतं देव जाणे. हळूहळू भूक लागायला लागली, झोपही. शांभवीशी मी नीट बोलायला लागलो तेव्हा लग्नाला दीड वर्ष झालं होतं, तिनं ते मला ऐकवलंच. आता प्रेरणा सात महिन्यांची आहे. रोज संध्याकाळी तिला खांद्यावर घेऊन कट्ट्यावर जातो, म्हैस बघितली की ती दोन्ही पाय झाडते. सयाजी, मी सुखात आहे. दुकान तेच, पेंड तीच, पण आता माझं मला पुरतं.

मग एवढ्या सगळ्यात हे दोन वर्षं का सांगितलं नाही? मी स्वतःला सांगायचो, तो आजारी आहे, डॉक्टरांचं चाललंय, आता धक्का नको. त्यात थोडं खरं होतं. पण जास्त खरं ते हे, की तू फोनवर म्हणायचास, सोम्या, एक तूच राहिलास, आणि ते ऐकायला मला आवडायचं. केरबाच्या कॅफेत जे मिळायचं तेच मला तुझ्याकडून मिळत होतं, तेही जास्त गोड. तुझ्या दुःखावर मी मोठा होत होतो आणि हंबीरराव गप्प बसून रोज धार काढत होता.

राधानगरीची ती ओळ मी लिहिली. मिरचीचं ते खातं माझं होतं. कारण सांगायला फार मोठं काही नाही. त्या दुपारी तुझ्या फोटोवरच्या गमती थांबल्या होत्या, लोक दुसऱ्या कुणाकडं तरी वळले होते, आणि मला ते सहन झालं नाही. लिहायला दोन मिनिटंही लागली नसतील. दोघांनाच माहीत होतं, आणि त्यानं केलं नव्हतं, म्हणजे हंबीररावाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. काल मी त्याला सांगितलं की सयाला सगळं लिहितोय. तो म्हणाला, “आता बरा झालाय त्यो, कशाला उकरतोस?” मी म्हटलं, साखरपुड्याच्या यादीत तुझं नाव नाही. तो म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, “एवढं काय न्हाय रं त्येचं.” आणि दुसरीकडं बघत, “जायाला आवडलं असतं मात्र.” तेव्हा हे वाचून झालं की आधी त्याला फोन कर. मुरगूडला तुझ्या शेजारी तो उभा राहू दे. मला बोलावलंस तर सगळ्यात मागच्या रांगेत बसेन. नाही बोलावलंस तरी तू माईक हातात घेऊन स्वतःचं नाव कसं सांगितलंस, ते मला तो परत येऊन सांगेल.

तसं म्हणायचा हक्क तू अजून ठेवलास तर
तुझाच,
सोमशेखर